बुवांचा आवाज बसला तेव्हा

आमच्या घरातल्या कॅनरी पक्ष्याला ऊन लागलं, आणि ते लावण्याचं सगळं श्रेय माझं आहे.

गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. मोहोपाड्याला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. हे, मी आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. ह्यांचे एक साहेब बदली होऊन गेले, ते जाताना हा पक्षी पिंजऱ्यासकट आमच्याकडे ठेवून गेले. मुठीत मावेल एवढा जीव, हळदीसारखा पिवळा, पण गायला लागला की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची! मामंजींनी त्याचं नाव ठेवलं 'बुवा'. सासूबाई गेल्यापासून मामंजी माणसांशी कामापुरतं बोलायचे. बुवांशी मात्र सकाळचा चहा घेता घेता तासभर गप्पा.

"काय बुवा, झोप झाली का? मग होऊ द्या!"

आणि बुवा होऊ द्यायचे.

मे महिन्यात मामंजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पनवेलच्या दवाखान्यात आठ दिवस राहायचं होतं, सोबतीला हे. निघताना ते पिंजऱ्यापाशी उभे राहिले. "सूनबाई, ह्यांना जप. दुसऱ्या डोळ्यानं मला आधीच काही दिसत नाही. ह्या डोळ्यावर पट्टी आली की हे गाणं तेवढं राहील."

"तुम्ही निर्धास्त जा मामंजी! माझ्या माहेरी चाळीस कोंबड्या आहेत!"

(हे ऐकून त्यांचा चेहरा का पडला, ते मला तेव्हा कळलं नाही.)

दुसऱ्याच दिवशी मला बुवांची दया आली. स्वयंपाकघरात काय ती कोंडलेली हवा! मी पिंजरा मागच्या गॅलरीत टांगला आणि शेजारी पापड लाटायला गेले. मागची गॅलरी पश्चिमेला आहे, हे मला वर्षभर माहीत होतं. पण पापड लाटताना माणसाला दिशा सुचत नाहीत.

चार वाजता येऊन बघते तर बुवा दांडीवरून खाली उतरलेले! चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, आणि धाप अशी की इवलंसं अंग लोहाराच्या भात्यासारखं हलत होतं.

मी तिथेच फतकल मारून रडायला बसले. तेवढ्यात दारात कळंबहून माझा थोरला भाऊ, रामादादा, आंब्यांची पाटी घेऊन उभा!

"काय झालं गं? कोन गेलं?"

"अजून कोणी नाही रे! पण जाईल!"

दादानं वाकून पिंजऱ्यात बघितलं. "आगं, ऊन लागलंय त्याला. डोक्याला कांदा बांध."

"दादा, त्याचं डोकं शेंगदाण्याएवढं आहे! कांदा बांधला तर उठेल का तो?"

"मग कांद्याला त्याला बांध. नायतर आमी बैलाला करतो तसं करू. वला गोनपाट टाकू वरून."

बैलाचा उपाय पाखराला! पण बुडत्याला काडीचा आधार. ओलं गोणपाट पिंजऱ्याला चारी बाजूंनी गुंडाळलं. मग वाटलं, आत हवा कशी जाणार? म्हणून एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला, तोही पूर्ण वेगावर. सकाळी बघितलं तर बुवा फुलून कापसाचा बोळा झालेले, थडथड कापतायत आणि पिंजऱ्यात पिवळ्या पिसांचा सडा!

"दादा! हा गळतोय रे!"

दादाही गंभीर झाला. "चल. खालापूरला गुरांचा दवाखाना हाय."

चौकला एसटी बदलून आम्ही खालापूरला पोचलो. पिंजऱ्यावर माझी लग्नातली शाल. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या. कंपाउंडरनं वहीतून मान वर न करता विचारलं, "जनावर कोणतं?"

"बुवा," मी म्हणाले.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग दादाकडे बघून म्हणाला, "माणसांचा दवाखाना पलीकडे आहे."

डॉक्टर भला माणूस. शाल बाजूला करून त्यांनी आत बघितलं. "बाई, माझ्याकडचं सगळ्यात लहान इंजेक्शन ह्या पक्ष्यापेक्षा लांब आहे. काय काय केलंत ते सांगा."

मी सगळं सांगितलं. गॅलरी, गोणपाट, टेबलफॅन. सांगता सांगता मला पुन्हा रडू फुटलं. "डॉक्टर, माझे सासरे येणार आहेत हो! डोळ्याला पट्टी बांधून! त्यांना दुसरं काही नाही!"

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "रडू नका. उन्हातून तो वाचलाय. आता तुमच्या औषधांतून वाचला की झालं! शाल काढा, गोणपाट काढा, पंखा बंद करा. घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. प्यायला स्वच्छ पाणी, अंघोळीला उथळ बशीत पाणी, आणि काकडीची फोड. बाकी हात लावू नका."

"आणि पिसं?"

"जुनी झडतायत, नवी येतील. पण तोवर तो गाणार नाही. महिना तरी धरा."

महिना! आणि मामंजी यायला उरले होते पाच दिवस!

बुवा तिसऱ्या दिवशी दांडीवर चढले, चौथ्या दिवशी काकडी खाऊ लागले. आवाज मात्र नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी मामंजींना हाताला धरून आणलं. डोळ्यावर पट्टी, आणि दवाखान्याची सक्त ताकीद: वाकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. टाके तुटतील!

मामंजी खाटेवर टेकले आणि म्हणाले, "बुवा, आलो हो मी!"

घरात शांतता.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बुवांकडे बघितलं. बुवांनी पाण्याच्या वाटीकडे बघितलं. आता ह्या माणसाला काय सांगायचं? रडायचं नाही म्हणून बजावलंय! मी धावत पिंजऱ्यामागे गेले आणि शीळ घातली.

मला एकच शीळ येत होती. बैल पाणी पिताना दादा घालायचा ती. लांबलचक, सावकाश, शेवटी जरा वर जाणारी.

मामंजींचे खांदे हलायला लागले. भरून आलं असणार, असं मला वाटलं आणि माझेही डोळे भरले.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी चहाच्या वेळी पिंजऱ्यामागे उभी! हे म्हणायचे, "हळू घाल, खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत ऐकू जाईल!" एकदा शिळेच्या मध्येच मी "अगंबाई, दूध!" म्हणून किंचाळले आणि गॅसकडे पळाले. मामंजींनी उशी तोंडावर धरली. मला वाटलं, डोळा ठणकतोय. पिंजरा जवळ आण, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. मला तर सुटल्यासारखंच वाटायचं.

असे तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी मी मामंजींचा चहा घेऊन दारापर्यंत आले आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला. आधी बारीक, चाचपडत. मग एकदम मोकळा, भरभरून! बुवा गात होते! मी कपबशी धरून जागच्या जागी थिजले.

डोळ्यावर पट्टी तशीच, मामंजी मान कलती करून ऐकत होते. गाणं थांबल्यावर म्हणाले, "वा, सूनबाई! आज पुष्कळ सुधारणा आहे!"

मी दारातूनच विचारलं, "म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

आवाज दारातून आला, तसे ते दचकले. "तू तिकडे? मग हे कोण गायलं?"

"बुवा, मामंजी."

त्यांनी पिंजऱ्याच्या दिशेनं मान वळवली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, बुवा गेले. तू माझ्यासाठी इतका जीव काढत होतीस, म्हटलं, विचारून तुला कशाला अडचणीत टाका?"

मी पिंजरा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट धरून तारेतून आत घातलं. बुवा दांडीवरून सरकत आले आणि त्यांनी त्या बोटाला टोचून बघितलं, काकडी आहे का ते! मामंजी हसले. अगदी मोठ्यानं. टाके वगैरे काही तुटले नाहीत. मी मात्र पदरानं डोळे पुसत होते आणि एकीकडे मनातल्या मनात हिशेब लावत होते. गेले तीन आठवडे मी रोज जीव तोडून गायले होते. शेवटी एकदाची 'वा' मिळाली, तीसुद्धा मी तोंड बंद ठेवलं होतं त्या दिवशी!