ओतून टाकलेला रस

“रिबकाबाई, ट्रे खाली ठेवा. ते बायकांचं काम नाही.”

माईकवरून. भरल्या चर्चमध्ये. मंडळीचा सेक्रेटरी बोलला आणि माझ्या बायकोनं प्रभुभोजनाचा ट्रे बाकावर ठेवला. सत्तरी ओलांडलेली बाई. पदर ओढून खाली बघत बसली.

झालं होतं एवढंच. आमच्यात पुरुष उजवीकडं बसतात, बायका डावीकडं. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि रस घेतात तेव्हा, द्राक्षरसाच्या चिमुकल्या काचेच्या पेल्यांचा ट्रे फिरतो. पुरुषांच्या बाजूला तो हातोहात जातो. बायकांच्या बाजूला मात्र मंडळीचे वडील, म्हणजे निवडून आलेले बाप्ये, स्वतः ट्रे धरून बाकाबाकाशी उभे राहतात. बाईनं पेला उचलायचा. ट्रेला हात लावायचा नाही.

त्या दिवशी ट्रे धरला होता त्या वडिलांच्या हाताला कंप. ट्रे कलंडायला लागला. रिबका कडेलाच बसलेली. तिनं तो धरला, सावरला, आणि हातात आलाच आहे तर शेजारणीपुढं केला. “घे गं आक्का.” एवढाच तिचा गुन्हा.

दोघे वडील धावत आले. ट्रे उचलून मागच्या खोलीत नेला. दार उघडंच होतं, मी बघत होतो. भरलेला एकेक पेला मोरीत ओतला. नव्यानं भरले. मग तो ट्रे बायकांपुढं आला. उपासना सुटल्यावर सेक्रेटरी रिबकाला म्हणाला, “तेवढे पेले जरा धुऊन ठेवा.”

ते पेले वर्षानुवर्षं तीच धुते. प्रभुभोजनाची भाकर तीच करते. ओतलेला रसही सकाळी तिनंच भरला होता.

आमच्या नेसरी गावाकडं मी लहान असताना हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेला कप असायचा. बाहेर, वळचणीला. माझा बाप ख्रिस्ती झाला तो शास्त्र वाचून नव्हे, त्याला अक्षर येत नव्हतं. एका पाळकानं, चर्चच्या धर्मगुरूनं, आधी स्वतः पिऊन तोच पेला त्याच्या हातात दिला. बाप तेवढ्यावर वळला. “एका पेल्यातनं पेत्यात ती मानसं,” मरेपर्यंत सांगायचा.

आणि आता हा सेक्रेटरी. बँकेतनं रिटायर, राजारामपुरीत फ्लॅट, मे महिन्यातही टाय. त्याचा आजा माझ्या आजाच्या शेजारी, गावाबाहेरच बसत होता. ते त्यानं टायच्या गाठीत दाबून टाकलंय.

बाहेर चहा चालला होता. मी त्याला गाठलं.

“रस का ओतला?”

“बाबा, शिस्त असते.”

“सांडला न्हवता. माशी पडली न्हवती. मग?”

“आता बाबांचं प्रवचन सुरू. चहा प्या रं गार व्हायच्या आत,” मागनं एक वडील म्हणाला. सगळे हसले. देवाची माणसं. बिस्कीट बुडवत हसले.

“आजींना घरी समजावून सांगा,” सेक्रेटरी म्हणाला.

मी कप खाली ठेवला. “ह्याला नेसरीत इटाळ म्हनायचे. तुमी शिस्त म्हना. वतायची तऱ्हा तीच हाय.”

हसणं थांबलं. कप ठेवून एकेक जण पांगला. चौथी शिकलेल्या फौंड्रीतल्या माणसाला उत्तर द्यायची त्यांची पद्धत नाही.

रिक्षानं घरी निघालो. घराजवळ आल्यावर रिबका बोलली, “पीठ मळताना हाच हात व्हता की.”

तिनं भाकर करणं सोडलं. पेलेही सोडले. पुढच्या महिन्यात ट्रेमध्ये बेकरीचा ब्रेड आला आणि पेले बुळबुळीत. शिस्तीला भांडी घासता येत नाहीत.

ट्रे माझ्यापर्यंत आला. मी हात गुडघ्यावर ठेवले.

“घ्या की बाबा,” शेजारचा पुटपुटला.

“बायकांच्या हातनं येऊ दे. मग घेतो.”

ट्रे तसाच पुढं गेला.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. आजाऱ्यांना प्रभुभोजन देतात ती छोटी बॅग घेऊन. “तुमचं वय झालंय. प्रभुभोजनाशिवाय राहणं बरं नव्हे.” भीती घालायला आले होते. मी म्हणालो, “बॅग हिच्या हातात द्या. ही देईल, मी घेईन. आत्ता.”

त्यांनी बॅग मांडीवर ओढून घेतली. चहा मात्र रिबकाच्या हातचा घेतला. दोन कप.

मी चर्च सोडलेलं नाही. सोडावं अशी त्यांची लई इच्छा आहे. दर प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर बसतो, सगळ्यांना दिसेल असा. ट्रे येतो, हात गुडघ्यावर. रिबकाही पलीकडं तशीच बसते. बापाला ज्या पेल्यानं माणूस केलं, तो मी माझ्या बायकोला खाली बसवून पिणार नाही. तिच्या हातून आला तर पिईन. नाही आला तर कोरड्या तोंडानं मरेन, आणि मरताना सेक्रेटरीला बोलावून ते कोरडं तोंड दाखवीन.