दिसत्या पाण्यावर नारळ

धावड्याचा रखमाजी पाणाड्या होता. जमिनीखालचं पाणी सांगायचं, हे त्याचं काम. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चाले. नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फक्की टाकायची आणि तिथंच विहीर खोदायची, असा रिवाज. ही विद्या त्याला बापाने, कचरूने दिली, आणि सोबत एक नेमही दिला. दिसत्या पाण्यावर नारळ धरायचा न्हाई, विद्या जाते. म्हणजे भरल्या विहिरीच्या काठावर, नदीत, तळ्यात कधी नारळ काढायचा नाही. रखमाजीने तीस वर्षं तो नेम पाळला. इतर बाबतीत मात्र तो भलताच चौकस. राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेला तरी देवाआधी वाटेवरच्या विहिरीत डोकावून, किती परस खोल म्हणून विचारून यायचा. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. गावात विहिरी त्याच मापाने मोजत.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याच्या मनात एक काटा रुतला होता. त्याने सांगितलेल्या शेवटच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या होत्या. मालकांनी त्याला नाही, आपल्याच नशिबाला दोष दिला, आणि ते त्याला जास्त लागलं. तेवढ्यात गिरिजाबाई आली. नवरा वारलेला, चार एकर बरड रान, एकटीच्या जिवावर राबणारी बाई. ‘‘रखमाजी भाऊ, तुमी म्हणसाल तिथं खणते,’’ ती म्हणाली. ऊन तापलेलं, तिला घाई. रखमाजी बांधावरून सरळ रानात शिरला, नारळ उभा राहिला, फक्की पडली. पण नारळ उभा राहण्याआधी आपला अंगठा हलला, असं त्याला वाटलं. खरंच हलला की भास, हे त्याला कळेना. बोलला मात्र कुणाशीच नाही. वीस दिवसांनी खोदायचं ठरलं आणि मधल्या काळात तो लेकीला भेटायला हिमाचलात गेला.

लेक उषा आणि जावई बद्रीनाथ कांगड्याकडे राहायचे. बद्रीनाथ वीज प्रकल्पावर फोरमन. त्याचे सोबती शनिवार-रविवार जोडून पाठीला पिशव्या बांधून डोंगरात जात. वर तळी आहेत, असं त्यांनी सांगितलं मात्र, रखमाजीचा घासच थांबला.

‘‘एवढ्या उंचावर पाणी चढलं कसं?’’

‘‘चढलं न्हाई मामा, बर्फ वितळतो,’’ बद्रीनाथ म्हणाला.

‘‘मंग खाली कामून पळून जात न्हाई?’’

ते बघायलाच रखमाजी जावई आणि त्याच्या सोबत्यांबरोबर निघाला. उषाने दशम्या आणि ठेचा बांधून दिला. जावयाचे दोन नंबर मोठे बूट त्याने चिंध्या कोंबून घट्ट केले. पिशवीच्या तळाशी सुतळीचा गुंडा आणि गावाहून आणलेला नारळ त्याने स्वतःच ठेवला, कुणाला न दाखवता.

शनिवारी दिवसभर चढण. रखमाजीला धाप लागली की तो प्रश्न विचारी, म्हणजे सगळ्यांना थांबावं लागे. हा दगड काळा का, ते झाड इथेच का थांबलं, हे गवत कोण खातं. संध्याकाळी पहिलं तळं लागलं. त्याने सुतळीला दगड बांधून एका कपारीवरून पाण्यात सोडला. आठ परस सुतळी संपली तरी तळ लागेना. ‘‘आमच्या गावाला हे धा वर्सं पुरंल,’’ तो म्हणाला आणि सुतळी परत गुंडाळू लागला.

रविवारी सकाळी सगळे वरच्या तळ्यावर गेले. निम्म्यावर अजून बर्फ होता. सोबती फोटो काढण्यात गुंग झालेले पाहून रखमाजी एका मोठ्या दगडाआड गेला. इथं धावड्याचं कुणी नव्हतं. बापाची मनातल्या मनात माफी मागून त्याने नारळ तळहातावर ठेवला.

नारळ हलला नाही.

तो काठाकाठाने चालला. बूट काढून घोट्याएवढ्या पाण्यात उतरला. थंडीने पाय बधिर झाले, पण नारळ आडवाच. शेवटी त्याने मुद्दाम अंगठा किंचित उचलला, आणि नारळ शहाण्यासारखा उभा राहिला.

रखमाजी पाण्यातून काठावर आला. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. गिरिजाबाईच्या रानात आपला अंगठाच बोलला होता, हे आता पक्कं झालं. पण मग तीस वर्षांत ज्या विहिरींना पाणी लागलं, ते कसं लागलं?

शेजारी एक म्हातारा मेंढपाळ हे सगळं पाहत उभा होता. रखमाजीला गप्प बसणं कुठलं जमायला! त्याने आपल्या मराठवाडी हिंदीत विचारलं, ‘‘बाबा, ये तळे में पानी आता, जाता किधर? नाला तो दिखताच नहीं.’’

‘‘नीचे,’’ म्हातारा म्हणाला आणि काठीने दगडांची रास दाखवली. ‘‘कान लगाओ.’’

रखमाजीने दगडाला कान लावला. आतून पाणी खळखळत चाललं होतं.

उतरताना तो त्या पाण्याच्या वरून वरून चालला. कुठं गवताची एक पट्टी जास्त हिरवी, कुठं दगडाला शेवाळ, कुठं मातीची जात बदललेली. तासाभराने तो एकदम म्हणाला, ‘‘जावईबापू, या वळणाखाली झरा हाय.’’ वळण घेतलं तर हाताएवढा झरा दगडातून उडत होता.

‘‘मामा, तुमी कधी आल्ता इथं?’’ बद्रीनाथने विचारलं.

रखमाजी स्वतःच चक्रावला होता. मग त्याला आठवलं. गावाकडे नारळ काढण्याआधी तो शेताला दोन फेऱ्या मारायचा. उंबर कुठं, वारूळ कुठं, दगड कसला, ओढ्याने वळण कुठं घेतलं, सगळं बघायचा. ते बघणं म्हणजे नुसता पायातला जोडा झिजवणं, खरी विद्या नारळात, असं तो समजत होता. आणि अलीकडे नाव झाल्यावर त्याने फेऱ्याच सोडल्या होत्या. गिरिजाबाईच्या रानात तर एकही मारली नव्हती.

त्याने नारळ झऱ्याच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

खोदायच्या दिवशी सकाळीच तो धावड्यात पोहोचला. सगळं ऐकून द्वारकाबाईने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला. ‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची. कामून उघडता? पाणी न्हाई लागलं तर तिचं नशीब म्हन्तीलच की लोकं.’’

‘‘तेच तर नको,’’ रखमाजी म्हणाला.

रानात चार गडी कुदळी घेऊन उभे होते. गिरिजाबाईच्या हातात हळद-कुंकवाचं ताट होतं. रखमाजीने सगळ्यांदेखत फक्की पायाने पुसली.

‘‘बाई, त्या दिवशी नारळ न्हाई, माझा अंगठा हलला व्हता. इथं पाणी हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. दोन दिवस दे, चालून बघतो.’’

एक गडी फिस्सकन हसला. गिरिजाबाई मात्र हसली नाही, रागाने लाल झाली. ताट तिने बांधावर ठेवलं.

‘‘वीस दिवस झोप न्हाई मला. आन् आता सांगून राह्यले?’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘चला. पण मी बी संगं येते. तुमी काय बघता, ते मला दिसलं पायजे.’’

तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. दोघं ओढ्यापासून चालू लागले. तो बोट दाखवी, ती विचारी. हे झुडूप कामून हिरवं? हा दगड कामून फुटला? पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना रखमाजी पुढे निघून गेला होता, तेव्हा मागून तिची हाक आली.

‘‘रखमाजी भाऊ, मागं फिरा. हितं वारूळ हाय, आन् त्याच्या बाजूची हरळी वाळली न्हाई.’’

तो परत आला. बसला, माती हातात घेतली, चोळली. मग कनवटीची चुन्याची पुडी काढून तिच्या हातात दिली.

पाणी सहा परसावर लागलं. फार नव्हे, दोन तास मोटार चालेल एवढंच. पण त्या वर्षापासून धावड्यात कुणी विहिरीला जागा विचारायला आलं की रखमाजी म्हणायचा, थांबा, गिरिजाबाईलाबी बोलावतो.