सासूबाईंच्या वाटणीची सुकेळी

माझ्या सासूबाई वारल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्या कावळ्याच्या रूपाने आमच्या इमारतीच्या गच्चीवर आल्या आणि सुकेळी खाऊन गेल्या, असं माझ्या सासरी आजही मानलं जातं. तो कावळा मी होतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासऱ्यांना नाही, डॉक्टरांना नाही. (डॉक्टरांचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.)

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सज्जनपणा समजतात. माझ्या सासऱ्यांनीही तसंच समजून मला मुलगी दिली. स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडात बहुतेक वेळा काहीतरी असतं.

सासरे म्हणजे नाना. वसईजवळ होळी नावाचं गाव आहे, तिथे त्यांची वाडी. नागवेली, थोडी फुलझाडं आणि एका कडेला राजेळी केळी. आमच्याशी ते स्वच्छ मराठीत बोलतात आणि केळींशी त्यांच्या घरच्या बोलीत. ती बोली मला अजून कळत नाही, पण केळींना कळत असावी, कारण त्यांचे घड माझ्या मांडीएवढे व्हायचे. ही राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. असं करता करता केळ्याचा रंग मधासारखा होतो आणि अंगाला त्याचाच पाक सुटतो. तेच सुकेळं. मग ती केळीच्या वाळक्या सोपटात बांधून जुडी करायची आणि ज्याच्यावर खरोखर जीव आहे त्याला द्यायची. (मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पहिली जुडी मिळाली.)

हे सगळं काम सासूबाईंचं होतं. त्या गेल्या आणि नाना एकदम रिकामे झाले. त्यातच धाकट्या मेव्हणीचं, शैलाचं लग्न ठरलं. शेजारच्या वाडीत इमारत उभी करून झालेला बिल्डर आता नानांच्या वाडीभोवती घिरट्या घालत होता आणि नाना त्याला चहा पाजू लागले होते. ही वाईट खूण होती. पूर्वी ते त्याला पाणीही विचारत नसत. आता वाडीचा विषय निघाला की "कोणासाठी ठेवू?" एवढंच म्हणायचे. लग्न उरकलं की सही करायची, असं त्यांच्या मनात जवळजवळ पक्कं झालं होतं. सुलभा, म्हणजे माझी बायको, त्या विषयावर वडिलांपुढे काही बोलायची नाही आणि घरी येऊन भांडी आपटायची.

पण शैलाच्या रुखवतात घरची सुकेळी पाहिजेत, असं नानांनी ठरवलं. आईने थोरलीच्या रुखवतात ठेवली होती, मग धाकटीच्या का नको? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः केळी सोलली. अडचण एकच. शेजारच्या त्या नव्या इमारतीने दुपारनंतर अंगणातलं सगळं ऊन अडवलं होतं. तेव्हा कोणीतरी म्हणालं की जावयाच्या इमारतीला गच्ची आहे. आम्ही गोखिवऱ्याला चौथ्या मजल्यावर राहायचो. वर गच्ची, गच्चीवर ऊन, आणि त्या उन्हाखाली मी. माझी बँक वसईतच असल्यामुळे मी पाचला घरी यायचो. एवढ्या पात्रतेवर सुकेळ्यांचं पालकत्व माझ्याकडे आलं.

टेम्पोतून बांबूच्या चटया आल्या, केळी आली, नाना आले. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत यांनी गच्चीत वाळवणाला मनाई असल्याची पाटी दाखवली. नानांनी त्यांना वाडीतली विड्याची पानं दिली. सावंतांनी पाटी उलटी केली.

मी मूळचा देशावरचा. आमच्याकडे वाळवण म्हणजे कुरडया आणि सांडगे. सुकेळी मी खाल्ली होती, होताना कधी पाहिली नव्हती. सोललेली केळी उन्हात टाकायची, हे मला वायाच घालवणं वाटलं. पहिल्या दिवशी ती ओशाळल्यासारखी दिसत होती, दुसऱ्या दिवशी आजारी. मी सुलभाला म्हणालोदेखील की, रुखवतात हे ठेवलं तर शैलाला परत पाठवतील. सुलभाने माझ्या ताटातली भाजी काढून घेतली.

मग वास सुटला. एका संध्याकाळी मी ती उलटत असताना एक सुकेळं मधोमध तुटलं. आता तुटलेलं सुकेळं रुखवतात कसं ठेवणार? मी विचारपूर्वक ते खाल्लं.

यापुढे माझ्या चारित्र्याबद्दल काही चांगलं सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या संध्याकाळी जे वाकडं होतं ते खाल्लं. वाकडं रुखवतात बरं दिसत नाही. मग जे आखूड होतं ते. पुढे पुढे तर सरळ आणि लांब सुकेळ्यांचाही मला संशय येऊ लागला. मी स्वतःला सांगत होतो की ही निवड आहे. घरच्या लग्नाला माल कसा निवडून जायला हवा! रात्री जेवायला बसलो की भूक नसायची आणि सुलभा म्हणायची, "बाबांच्या कामाने दमताय तुम्ही." मी नाही म्हणायचो नाही.

नाना पाहणीला आले तेव्हा चटईवर मोकळी जागा दिसत होती.

"जावईबापू, कमी वाटतात."

"वाळून आकसली असतील, नाना."

"आकसतात. पण एका जागी बसून आकसतात. उठून जात नाहीत."

मी मान वर केली. समोरच्या टीव्हीच्या अँटेनावर एक कावळा बसला होता. नानांनी माझ्या नजरेमागे नजर नेली. मी खोटं बोललो नाही, हे लक्षात घ्या. मी फक्त बघितलं. माझी आयुष्यातली सगळी पापं या जातीची आहेत.

झालं! कावळ्यावर मोहीम निघाली. सावंतांनी काळी प्लास्टिकची पिशवी काठीला बांधून लावली. ती वाऱ्याने उडून तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत गेली आणि तिथल्या वहिनी किंचाळल्या. मग नाना स्वतःच काठी घेऊन सकाळपासून गच्चीवर बसू लागले. डोक्याला पंचा, शेजारी पाण्याची बाटली. कावळा अँटेनावर, नाना खुर्चीत. दिवसभर दोघं एकमेकांकडे बघत. कावळ्याने सुकेळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाच वाजता मी यायचो, नाना मला राखण सोपवून घरी परत जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन-तीन कमी.

"हे काय गौडबंगाल आहे?" नाना म्हणाले. "मी असताना येत नाही. तुम्ही एकटे असलात की येतो."

आता पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघणार आणि माझं लग्न मोडणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. त्या क्षणी मला तळमजल्यावरच्या माईंनी वाचवलं. माई विधवा, वयाने मोठ्या, इमारतीतल्या सगळ्यांच्या बारशापासून तेराव्यापर्यंतच्या सल्लागार. त्या त्यांचे पापड घालायला वर आल्या होत्या. (सावंतांची पाटी उलटी झाल्यापासून गच्चीवर निम्म्या इमारतीचं वाळवण पडलं होतं.)

"अहो नाना, एवढं कसं कळत नाही तुम्हाला?" माई म्हणाल्या. "ती आहे ती. तुमची मंडळी. जन्मात कधी तुमच्यासमोर बसून खाल्लंय तिने?"

नाना काठी टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही. सगळ्यांचं झाल्यावर खायची. सुकेळ्यांतलं तुटकं तेवढं तिचं. चांगलं कधी उचललं नाही."

सुलभा तिथेच होती. तिने तोंडाला पदर लावला. मी तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण नानांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं, आणि मी तोंड मिटलं. (दातात थोडं अडकलेलंही होतं.)

रविवारी सकाळी नानांनी चटईवरचं सगळ्यात लांब, सगळ्यात सोनेरी सुकेळं निवडलं. केळीच्या पानावर ठेवून पान कठड्यावर मांडलं आणि हात जोडले. इमारत गोळा झाली. कावळा अँटेनावरून उतरला, कठड्यावर दोन उड्या मारून पानाजवळ गेला, मान वाकडी करून त्याने सुकेळं पाहिलं, आणि शिवला नाही.

आता कावळा शिवला नाही की काय करायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. गेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा. सुलभाने शैलाचं सगळं नीट करीन म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. सावंत मालवणकडचे. त्यांनी पुढे होऊन रीतसर गाऱ्हाणंच घातलं, की बाय माझे, गच्चीत वाळवण घालूक आता कोणाक अडवूचंय नाय, आणि आम्ही सगळ्यांनी न कळत "व्हय म्हाराजा" म्हटलं. कावळ्याने पंख खाजवला. मग माईंनी मला पुढे ढकललं. जावई आहात, तुम्हीही बोला. मी म्हणालो, "सुलभाला सुखात ठेवीन." कावळ्याने सरळ पाठ फिरवली. गर्दीत कोणीतरी हसलं. ती सुलभा होती, असा मला दाट संशय आहे.

शेवटी नाना उरले. ते पानाशी गेले आणि कावळ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. मग आम्हाला कळावं म्हणून की काय, नीट मराठीत म्हणाले, "वाडी नाही विकत. तुझ्या राजेळी राहतील."

आणि कावळा उडाला. नालासोपाऱ्याच्या दिशेने उडाला तो दिसेनासा होईपर्यंत उडाला.

नानांचा चेहरा पुन्हा विझला. "नाही पटलं तिला," ते म्हणाले. "बरोबर आहे. एकटा म्हातारा किती दिवस सांभाळणार? विकून टाकावी, असंच तिच्या मनात असेल." सुलभाने त्यांना चहाला खाली नेलं. इमारत पांगली. मला आवराआवर करून या म्हणून सांगितलं.

गच्चीवर मी आणि ते पान. सुकेळं तसंच पडून राहिलं असतं, तर नानांनी त्याच आठवड्यात सही केली असती, हे मला दिसत होतं. खरं सांगण्याची तीही एक वेळ होती. खाली जाऊन चार वाक्यं बोलायची. पण बोलणं मला कधी जमलंच नाही. जे जमतं ते मी केलं. नानांसाठी केलं, असं म्हणायला मला आवडेल. पण ते सुकेळं सगळ्यांत लांब होतं, हेही खरं आहे.

खाली जाऊन म्हणालो, "नाना, पान रिकामं आहे."

चहा तसाच ठेवून ते एकेक पायरी गाळत जिना चढून वर आले. त्या वयात! रिकाम्या पानाकडे बघत पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे हसले. दुसऱ्या दिवशी बिल्डर आला तेव्हा त्याला पाणीही विचारलं नाही.

लग्न झालं. रुखवतातल्या जुड्या फारच बारीक होत्या, म्हणून मध्ये मध्ये शंकरपाळ्यांची ताटं ठेवली. पण ही हकिकत वरपक्षाला कळली होती आणि त्यांनी एकेक सुकेळं प्रसादासारखं तोडून तोडून वाटलं. वाडी आजही आहे. नानाही आहेत, सुकेळीही करतात. फक्त त्या दिवसापासून एक प्रथा पडली आहे. दरवर्षी पहिल्या वाळवणातलं उत्तम सुकेळं नाना आमच्या गच्चीवर पानावर ठेवतात, आणि सगळ्यांना खाली नेतात. मला मात्र वर थांबवतात. "तुमच्यासमोरच येते ती," म्हणतात. "तुमच्यावर माया होती तिची."

मध्ये मला मधुमेह निघाला. डॉक्टर विचारतात, वर्षभर साखर बरी असते, मग नेमकी याच आठवड्यात का चढते? सुलभा म्हणते, आईच्या आठवणीने यांच्या जिवाला लागतं हो. डॉक्टर माझ्याकडे बघतात. मी खिडकीबाहेर बघतो.

गेल्या वर्षी ठरवलं होतं, या वेळी खायचं नाही. कठड्यापाशी उभा राहून खऱ्या कावळ्याची वाट बघितली. कावळे आलेही. पण सुकेळ्याला चोच लावायला एकही तयार नाही. मग खालून नानांची हाक आली, "आली का हो?" आणि मी घाईघाईने "आली" म्हणालो. जेमतेम म्हणता आलं.

जिने आयुष्यभर तुटकीच खाल्ली, तिला एकदा तरी अख्खं सुकेळं मिळावं, एवढीच नानांची इच्छा आहे. ते दरवर्षी तिच्यासाठी देतात आणि दरवर्षी मी खातो. नानांना मी खऱ्याचं देणं लागतो, आणि सासूबाईंना सुकेळ्यांचं. अजून एकही पोचवलेलं नाही.