आंबटाचं पथ्य आणि भुलीची सुई

ये गं बाई, अशी जवळ सरक. गुडघे दुखतात म्हणून तूही आंबट सोडलंस म्हणे? अक्कल कुठं गहाण टाकलीस? आधी माझं ऐक.

लातूरच्या दवाखान्यात माझ्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आधी तपासायला आल्या. "आजी, आ करा." मी आ केला आणि त्यांनी मास्क घट्ट केला. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या. बोट लावलं की रक्त. वास असा, की माझी मलाच ओकारी यायची. घरी नात मुका घेऊ देत नव्हती. मला वाटायचं, वय झालं.

पायावरचे ठिपके बघून त्यांनी विचारलं, "जेवता काय?"

"भाकरी, वरण, चहा. लिंबू, चिंच, पेरूला वर्ष झालं शिवले न्हाई. भाजीत टमाटा असतो, म्हणून भाजीबी बंद."

लई ऐटीत सांगितलं मी. आंबटानं सांधे धरतात, असं निलंग्याच्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. पथ्याची पक्की म्हणून गल्लीत माझं केवढं कौतुक!

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. स्कर्व्ही. म्हणजे अंगातलं व्हिटॅमिन सी पार संपलेलं. ऑपरेशन पुढं ढकललं.

हे पथ्य चालू असतानाच मागं नांदेडला लेकीकडं गळू फोडताना भूल दिली होती, तर दिवस कलला तरी मला जाग येईना. लेक रडून अर्धी झाली होती. मी विचारलं, "ते ह्याच्यामुळंच का हो? आता झोपले तर उठेन का?"

"ह्यामुळंच, असं छातीठोक नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "सी कमी असलं की लिव्हर काही औषधं सावकाश बाहेर काढतं, भूल लांबू शकते, असं जनावरांच्या प्रयोगात दिसलंय. माणसांत तेवढा पुरावा नाही. पण रक्त वाहतं, जखम भरत नाही, हे नक्की. आधी खायला लागा."

बाहेर बाकड्यावर बसले आणि त्या ऐटीची शिसारी आली मला. घरात सगळं असून माझ्या हातानं मी स्वतःला सडवत बसले होते. थू!

गोळ्या, मोसंबी, पेरू सुरू केले. आठवड्यात हिरड्यांचं रक्त थांबलं. पुढं ऑपरेशन झालं. डोळे उघडले तर मॅडम समोर. "उठल्या की वेळेवर!" त्या बाईचे हात मी कपाळाला लावले. घरी नातीनं आपणहून गाल पुढं केला.

जाऊबाईंना फोन केला, तर म्हणतात, "मी कुठं सोडलंय आंबट? गुडघे तुमचे दुखत होते!"

ते अजून दुखतात. तू मात्र डॉक्टरला विचारल्याबिगर काही सोडू नको. आणि ऊठ, अंगणात चल. दारातल्या पेरूला फळ धरलंय. मीठ-तिखट लावून देते, माझ्यासमोर खा.