वडिलांच्या तुरुंगाची चार पानं

सहावं प्रूफ परत आलं, तेव्हाही त्यावर सही नव्हती. लाल पेनने तीच सूचना होती: पान १७ ते २० काढावीत. पाचव्या प्रूफवर हिरव्या पेनने लिहिलं होतं: पान १७ ते २० ठेवावीत. लाल पेन शाळेच्या प्रिन्सिपॉल सरांचं. हिरवं पेन इंग्रजीच्या हेड मिसेस फर्नांडिस यांचं. दोघांच्या केबिन एकाच कॉरिडॉरमध्ये होत्या. तरी दोघं एकमेकांशी माझ्या प्रूफवरून बोलत होते.

मी तेव्हा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्रेसमध्ये प्रीप्रेस सांभाळत होते. म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर बसवायची, तपासायची आणि मशीनवर जाण्याच्या लायकीची करायची. मार्च २००९ ची गोष्ट. आदल्या वर्षापर्यंत बिल्डरांच्या ब्रोशरांमुळे आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. मग मंदी आली आणि टॉवरही थांबले, ब्रोशरही. आमच्या दोन मशीनपैकी एकावर कापड घातलेलं होतं. अशात हे काम मिळालं: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका नामवंत इंग्रज कादंबरीकाराचं जीवन आणि साहित्य, नववीच्या मुलांसाठी, चौसष्ट पानं.

मजकूर मिसेस फर्नांडिसनी स्वतः लिहिला होता आणि मन लावून लिहिला होता. दर महिन्याला हप्त्याने निघणाऱ्या त्याच्या कादंबऱ्या, पुढच्या अंकासाठी ताटकळणारे वाचक, भरल्या थिएटरात त्याने केलेली वाचनं, सगळं त्यात होतं. पान १७ ते २० वर त्याचं बालपण. वडील कर्ज फेडू शकले नाहीत म्हणून तुरुंगात गेले. आई आणि धाकटी भावंडं तिकडेच राहायला गेली. बारा वर्षांचा हा मुलगा बाहेर एकटा, बुटांच्या पॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत राहिला.

आधीच्या प्रूफांत शाळेने वाइनचे उल्लेख काढायला सांगितले. मी काढले. ख्रिसमसच्या जेवणातलं डुकराचं मांस काढलं. तेही ठीक. पण चार पानं काढणं वेगळं. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून आमची सोळा पानं बसतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. चार फर्मे म्हणजे चौसष्ट पानं. त्यातली चार काढली की चार कोरी राहतात, आणि पुढचे सगळे नंबर, अनुक्रमणिका, चित्रं सरकतात. शिवाय पुढे प्रत्येक कादंबरीच्या माहितीत हा माणूस तुरुंगाबद्दल का लिहितो ते मुलांना कळणारच नाही. मी चार पानं काढली, घातली, पुन्हा काढली. माझ्या कॉम्प्युटरवर फाइलींची नावं फायनल, फायनल-टू आणि फायनल-प्रिन्सिपॉल अशी झाली होती.

प्रेसचे मालक हनीफभाई मूळचे म्हसळ्याचे, तीस वर्षं गल्फमध्ये. ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, सही झाली?"

"नाही. एक काढा म्हणतो, एक ठेवा म्हणते."

"मग आपण काय करायचं?"

"दोघांना एका खोलीत कोंडायचं."

ते हसले नाहीत. "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं. आज गुरुवार, उद्यापासून शाळेला सुट्टी. आज सही नाही मिळाली तर ते अजमानला दुसऱ्या प्रेसकडे जातील. मग दुसऱ्या मशीनवरही कापड. अन्वरला काय सांगू, यल्ला, चल, घरी जा?"

अन्वर आमचा मशीनमन. त्याच्या दोन मदतनिसांना आधीच परत पाठवलं होतं.

मी प्रूफ उचललं आणि टॅक्सीने शाळेत गेले. मनात सगळी वाक्यं तयार होती. प्रूफ म्हणजे चिठ्ठ्या पाठवायची वही नाही, हे पहिलं.

मिसेस फर्नांडिस स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या. मी माझी वाक्यं म्हणून घेतली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"सर वाईट माणूस नाहीत," त्या हिंदीत म्हणाल्या. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या वडिलांची कंपनी बंद पडली. चेक बाउन्स झाले, आणि इथे त्याला जेल होते. जानेवारीपासून ते जेलमध्ये आहेत. सर म्हणतात, हे पान वर्गात वाचलं जाईल तेव्हा ती कुठे बघेल?"

माझा राग थोडा उतरला. पण पूर्ण नाही.

"आणि तुम्हाला ते का ठेवायचंय?"

"ती कुठेतरी बघेलच ना. निदान पुस्तकात बघू दे."

"तिला विचारलं का कोणी?"

"सरांनी सांगितलंय, विषय काढायचा नाही."

"तिच्या आईला?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिची आई इथेच आहे. लायब्ररीत. फेब्रुवारीत सरांनीच तिला नोकरी दिली."

मला खरोखर कपाळावर हात मारावासा वाटला. सहा प्रूफं, तीन आठवडे, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई वीस पावलांवर पुस्तकांना नंबर लावत बसली होती.

मिसेस फर्नांडिस तिला बोलवायला स्वतः गेल्या. बाई आली. पस्तिशीची, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. आडनावावरून मराठी वाटली म्हणून मी मराठीत बोलले. नाशिकची निघाली.

"तुम्ही हे एकदा वाचाल का?" मी चार पानं पुढे केली. "छापायचं की नाही ते ठरत नाहीये."

ती उभ्यानेच वाचू लागली. दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसली. आम्ही दोघी खिडकीबाहेरचं पार्किंग बघत राहिलो.

"एक शब्द काढाल?" तिने एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून विचारलं. "इथे लिहिलंय, कुटुंबावर नामुष्की आली. नामुष्की कशाला? पैसे नव्हते त्यांच्याकडे."

मिसेस फर्नांडिसनी लगेच हिरवं पेन काढलं आणि 'डिसग्रेस' हा शब्द खोडला. "माझीच चूक," त्या म्हणाल्या.

"बाकी राहू द्या," ती बाई म्हणाली. "पण माझं नका ऐकू. श्रुतीला विचारा. वर्गात तिला बसायचंय."

श्रुती मधल्या सुट्टीत आईबरोबर डबा खायला आली. उंच, चष्मा, केस घट्ट बांधलेले. आईने तिला पानं दिली. ती आमच्या कोणाहीपेक्षा भरभर वाचत होती.

"ही वॉज ट्वेल्व्ह?" तिने विचारलं.

"हो," मिसेस फर्नांडिस म्हणाल्या.

"त्याच्या फ्रेंड्सना माहीत होतं?"

"नाही. मोठा झाल्यावर एका जवळच्या मित्राला त्याने सांगितलं. स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितलं नाही. जगाला कळलं तो गेल्यावर."

श्रुतीने चष्मा काढून स्कर्टला पुसला.

"दॅट्स टू लाँग," ती म्हणाली.

आईने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"मी सगळ्यांना सांगते की पप्पा प्रोजेक्टवर आहेत," श्रुती म्हणाली. "दे ऑल नो. ते पण प्रिटेंड करतात. इट्स व्हेरी टायरिंग, आंटी." हे ती मला म्हणाली, कदाचित मी अनोळखी होते म्हणून. मग पानं माझ्या हातात देत म्हणाली, "प्रिंट इट."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. श्रुतीने तो बाजूला केला नाही.

आम्ही तिघी बायका प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये गेलो. लाल पेन टेबलावरच होतं. श्रुतीची आई म्हणाली, "सर, आमची हरकत नाही. मुलीचीही नाही." सरांनी प्रूफमधली ती चार पानं उलटली. "मला वाटलं, मी तिला वाचवतोय," ते इंग्रजीत म्हणाले. मग सही केली आणि शाळेचा शिक्का मारला. मी तिथल्या तिथे तारीख तपासली. सवय.

शनिवारी अन्वरने मशीन चालू केलं. पुस्तकं शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोचली. त्या कामावर आमचं दुसरं मशीन उन्हाळ्यापर्यंत तगलं. पुढे त्यावरही कापड पडलंच आणि अन्वर पेशावरला परत गेला, ते मला टाळता आलं नाही. वर्गात तो धडा शिकवला तेव्हा काय झालं असं मी मिसेस फर्नांडिसना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, श्रुतीने तो मोठ्याने वाचला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वाचून झाल्यावर सांगितलं की त्याचे वडीलही प्रोजेक्टवर नाहीत. श्रुतीचे वडील वर्षअखेरीस सुटले आणि कुटुंब नाशिकला गेलं.

त्यानंतर मी अजून बारा वर्षं प्रूफं तपासली. क्लायंटने कुठलंही पान मुलांच्या हितासाठी काढायला सांगितलं की मी एकच विचारत असे: कुठल्या मुलाच्या, नाव सांगा. निम्म्या करेक्शन तिथेच रद्द व्हायच्या.