नट उरता कामा नये

उघडता येईल अशी एकही वस्तू आमच्या साडभाऊंनी आयुष्यात बंद राहू दिलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, मुक्काम आरमोरी, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त. पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची शिलाई मशीन काही सुटलं नाही. वास्तुशांतीला आम्ही दिलेलं घड्याळ तर त्यांनी आहेराचा कागद फाडून न थांबता थेट काट्यांपर्यंत उघडलं होतं. आणि परत जोडताना त्यांचा एकच कायदा. "एक जरी नट उरला त गाडी डेपोच्या बाहेर नाई जात, साडभाऊ," असं ते मलाही साडभाऊच म्हणत बजावायचे. एकदा आमच्या कपाटाची बिजागरी बदलताना उरलेला स्क्रू मी भीतीनं खिडकीतून फेकला, तर पुढच्या भेटीत तो त्यांना अंगणात सापडला. चहा पार थंड होईपर्यंत त्यांनी घरातली प्रत्येक बिजागरी तपासली.

त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, या छंदाला पुरून उरल्या होत्या. मिक्सर उघडलेला दिसला की निमूटपणे पाट्यावर मसाला वाटायच्या. "अजी, मले तेवढं खोलू नोका, बाकी काईबी खोला," म्हणायच्या. घरात जुना संगणक आला तेव्हा मात्र तो त्यांनी आपल्या ताब्यात घेतला. दुपारची जेवणं झाली की एका बोटानं मराठी टाइप करायला शिकायच्या, रोज दोन ओळी. साडभाऊ मागून डोकावले की पडद्यावर पदर धरायच्या. "नीट जमू द्या, मंग दाखवीन." यंदा भादव्यात बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. दाखवायचं राहूनच गेलं.

बाईंनी रोज टाइप केलेली ती फाइल उघडायची साडभाऊंची हिंमत होईना, आणि उघडल्याशिवाय चैनही पडेना. त्यात तो संगणक मध्येच आपोआप बंद पडायचा. "तिचं वाचता वाचता बंद पडला त मले सहन नाई होनार," म्हणून त्यांनी गडचिरोलीहून पॉवर सप्लायसकट नवा कॅबिनेट, म्हणजे संगणकाचा बाहेरचा डबा आणला, जुन्यातलं सगळं सामान काढून नव्यात जोडलं आणि बटण दाबलं. पंख्यानं एक गिरकी घेतली आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा एकच गिरकी. मी चिमूरच्या शाळेत क्लार्क, त्यामुळे नातलगांत संगणकतज्ज्ञ. मला फोन आला. "साडभाऊ, मी तिले माह्याच हातानं मिटवलं का जी?" एवढंच बोलले. नेहमी अर्धा तास बोलणारा माणूस एवढंच बोलल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी मिळेल ती एसटी धरली.

आधी त्यांनी स्वतः रांधून जेवायला घातलं, मग आम्ही कामाला लागलो. रॅम काढून खोडरबरानं घासली. वायरी बदलून पाहिल्या. डिस्क दुकानात नेऊन दुसऱ्या संगणकाला लावू म्हटलं, तर भडकले. "तिनं मले नाई दाखवलं, ते चार लोकांसमोर खोलाचं? नाई!" शेवटी मी मदरबोर्ड डब्यातून काढून नुसता पुठ्ठ्यावर ठेवला आणि तारा जोडल्या. संगणक सुरू झाला! म्हणजे दुखणं डब्यात होतं. वाकून पाहिलं तर आत बोर्डाला टेकू द्यायच्या पितळी खुंट्या नऊ, आणि बोर्डाला भोकं सहाच. डबा लहानमोठ्या सगळ्या बोर्डांसाठी केलेला असतो, जास्तीच्या खुंट्या लावायच्याच नसतात. साडभाऊंनी नऊच्या नऊ कसून लावल्या होत्या. त्यातली एक बोर्डाच्या पाठीला भलतीकडे टेकून शॉर्ट होत होती. तिन्ही काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "या उरल्या," मी म्हणालो. एरवी तासभर हुज्जत घातली असती. आज तळहाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उरू दे."

फाइल उघडताना मी उठू लागलो, तर त्यांनी मनगट धरून बसवलं. "आज वांगे. यांनी पंखा खोलला." "आज अंबाडी. पंखा जोडला. फिरत नाई." "आज पाहुणे. पंखा नाई." पानामागून पान तेच. साडभाऊ हसत होते आणि डोळे गळत होते. शेवटच्या ओळी तापातल्या होत्या. "आज यांनी भात केला. कच्चा राह्यला. मी चांगला झाला म्हटलं."

साडभाऊंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज दुपारी तुमी दोनदा भात घेतला. खरं सांगा, कसा झाल्ता?"

भात कच्चा होता.

"चांगला झाला होता," मी म्हणालो.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, बाईंच्या ओळीखाली लिहिलं, "आज साडभाऊ आले. तेबी चांगला झाला म्हनते."