यादीत नसलेला भोपळा

ड्रमवर मी दोन याद्या चिकटवल्या होत्या: काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही. दुसरीत प्लॅस्टिक, हाडं, तेलकट रस्सा, डायपर असं सगळं होतं. बिया लिहायच्या राहून गेल्या.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पंप-रूममागे एक अरुंद पट्टी आहे. तिथे आम्ही बायका ओल्या कचऱ्याचं खत करत होतो. त्याच खतावर तिथेच भाजी लावायची आणि घरोघरी वाटायची, असा माझा बेत. सेक्रेटरींना मात्र तिथे स्कूटर पार्किंग हवं होतं.

"मॅडम, मार्चच्या सभेपर्यंत थांबतो. भाजी दिसली तर ठीक, नाहीतर फरशी," ते म्हणाले आणि जागा धरायला स्वतःची स्कूटर तिथे आणून उभी केली.

त्याआधी पितृपंधरवडा होऊन गेला होता. घरोघरी लाल भोपळ्याची भाजी झाली होती आणि घरोघरच्या बिया ड्रममध्ये आल्या होत्या. आमचं खत बिया मरतील इतकं तापत नाही, हे मला कुठे माहीत! मी दोरी लावून वाफे आखले, पाट्या रोवल्या. मेथी, पालक, मिरची, टोमॅटो. दहा दिवसांत चारही पाट्यांखाली एकच रोप उगवलं, भोपळ्याचं. पुढे वेलांनी पाट्याही गिळल्या. पंप-रूमवर वेल, कंपाउंडवर वेल, स्कूटरच्या दोन्ही आरशांना वेल! रोज सकाळी खाली जाऊन मी नवीन पानं मोजायचे आणि वहीत लिहायचे. शेवटी वही पुरेना.

फुलं ढीगभर आली, फळ मात्र धरेना. सभेला दीड महिना उरला होता. कोलशेतहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी टोपली खाली ठेवली, एक फूल उलटं करून बघितलं आणि खो खो हसल्या.

"अगो बाय, हा नर. ही बुडाला गाठ असलेली मादी. माशी फिरकत नाय तर तूच लाव की यांची लग्ना!"

मग रोज सकाळी सहाला मी लग्नं लावू लागले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची बायको गाऊनवर ओढणी घेऊन मदतीला आली. मी नर फूल मादीवर टेकवलं की वहिनी म्हणायच्या, "शुभमंगल सावधान!" आम्ही दोघी इतक्या हसलो की वॉचमन काठी घेऊन धावत आला.

पहिलं फळ धरलं ते नेमकं स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर. सेक्रेटरी कात्री घेऊन खाली उतरले. वहिनी वरून, गॅलरीतून ओरडल्या, "अहो, फळाला आलेला वेल तोडतात का कोणी? खबरदार!" पुढे महिनाभर ते रिक्षाने स्टेशनला गेले.

सभेच्या दिवशी मी तो भोपळा टेबलावर ठेवला. शेजारी विळी, पातेलं, पिशव्या. पार्किंगचा विषय चौथा होता. तो येण्याआधीच मी म्हटलं, "घरटी एक फोड. पण आधी फोडणार कोण?"

अख्खा भोपळा बाईने आधी कापायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. एरवी मी ती अजिबात मानत नाही. त्या दिवशी मात्र फार मानली.

"सेक्रेटरी कापतील की!" वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याच गाडीवर वाढलाय."

सेक्रेटरींनी बाह्या वर केल्या, विळी खाली घेऊन तिच्यावर पाय दिला आणि जोर लावला. आतून केशरी गर निघाला. टाळ्या झाल्या. कोणीतरी "पुत्ररत्न झालं हो!" म्हणालं. ते स्वतःच हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी फोडी वाटल्याही. सगळ्या. मग हातातल्या बियांच्या लगद्याकडे पाहून विचारलं, "आणि हे कुठे टाकू?"

"ड्रममध्ये!" सगळी सभा ओरडली.

विषय क्रमांक चार त्यांनी स्वतःच, तशाच बरबटलेल्या हाताने खोडला, त्यामुळे इतिवृत्ताच्या पानावर पिवळा डाग आहे.

स्कूटर अजून तिथेच आहे. काल सकाळी सहाला मी खाली गेले, तर सेक्रेटरी लेंग्यावर, हातात फूल घेऊन तिच्याशेजारी वाकून उभे.

"मॅडम, हा नर ना?"

"नाही. वधू तोडलीत तुम्ही!"

आता ड्रमवर तिसरी यादी लागली आहे: काय तोडायचं नाही.